मोठी बहीण, उजव्या पायाने अधू

१

तुरुंगाच्या दाखल खोलीत आलेल्या माणसाला जमादार 'ए' म्हणतो आणि मी 'तुम्ही' म्हणतो. ही काही ठरवून केलेली युक्ती नाही, आमचे स्वभावच तसे. पण तिचा उपयोग होतो. माणूस गडबडतो आणि खरं बोलून जातो.

खोलीतला क्रम ठरलेला. आधी अंगावरच्या वस्तूंची यादी, मग वजन, उंची, मग शर्ट काढून ओळखीच्या दोन खुणा. दोनच हव्यात, कमी नाही की जास्त नाही. एखाद्याच्या अंगावर जखमांचा बाजार भरलेला असतो, तरी त्यातल्या दोनच निवडायच्या आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. मग अंघोळ. अंघोळ करून ओल्या केसांनी तो माझ्या टेबलासमोर बसतो आणि मी त्याला चौतीस प्रश्न विचारतो. शिक्षण किती, हातात कला कोणती, झोप लागते का, राग कशाचा येतो. आतले लोक मला गुरुजी म्हणतात ते या प्रश्नांमुळे.

दहा दिवसांनी वर्गवारी समिती बसते आणि त्याला अ, ब किंवा क वर्ग मिळतो. अ वर्गातला माणूस दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि देखरेखीखाली घरीच शिक्षा भोगतो. ब वर्गातल्याला आतल्या कारखान्यात काम मिळतं. क वर्गाला फक्त कुलूप. काम नाही, सोबत नाही, दिवसातून एक तास ऊन.

हे सगळं अडतं ते सव्विसाव्या प्रश्नावर: तुम्हाला घरात घेणारं कोण आहे? कुणी तयार असेल तर अ. विचार करून सांगतो म्हणाले तर ब. रकाना कोरा राहिला तर थेट क. ज्याचं बाहेर कुणी नाही तो फिरून आत येणारच, मग त्याच्यावर मेहनत कशाला घ्यायची, असा नियम करणाऱ्यांचा हिशेब.

मला तो नियम कधीच पटला नाही. त्याच्याविरुद्ध भांडायची हिंमतही माझ्यात नव्हती. म्हणून मी रकाना भरत गेलो.

२

सुरुवात झाली अकरा वर्षांपूर्वी, एका आचाऱ्यापासून. मानेवर मोठा भाजल्याचा डाग होता. सव्विसावा प्रश्न विचारल्यावर तो खूप वेळ छताकडे बघत बसला. कुणी ना कुणी आठवेलच, असं त्याला वाटत असावं. मग म्हणाला, "नाही हो कुणी. माफ करा." त्याने माझी माफी मागितली हेच मला सहन झालं नाही.

मी लिहिलं: मोठी बहीण. विधवा. शिवणकाम करते. उजव्या पायाने अधू.

पाय अधू केला तो नाइलाजाने. पायाने धड असती तर समितीने तिला एकदा तरी समोर बोलावलं असतं. घर दोन खोल्यांचं दाखवलं. आतली खोली एका माणसाला पुरेशी. पूर्वेला खिडकी, सकाळचं ऊन येतं. पत्ता, जुन्या सूतगिरणीमागची गल्ली, घर क्रमांक तेवीस. लग्नाआधी मी त्या गल्लीत भाड्याने राहत होतो. गल्ली बावीस नंबरला संपते आणि पुढे गिरणीची उंच भिंत लागते.

घरी जाऊन खात्री करायला एक भेट अधिकारी असायला हवा, पण ती जागा वर्षानुवर्षं रिकामी होती. तो अहवालही मीच लिहायचो. 'भेट झाली. बहीण तयार आहे.' आचाऱ्याला कानात सांगितलं, "ही बाई कागदावरची आहे. बाहेर कुठेही राहा, पण नीट राहा. कुणी विचारलं तर हा पत्ता सांगा."

पुढे ज्याचं ज्याचं कुणी नव्हतं, त्याला त्याला मी हीच बहीण दिली. खोटं बोलायचं तर एकच बोलावं, नाहीतर आपलंच आपल्याला आठवत नाही. लग्न झालेली असल्यामुळे तिच्या आडनावाची पंचाईत नव्हती, आणि दोन फायली शेजारी ठेवून बघण्याइतका रिकामा वेळ आमच्या कचेरीत कुणाला नाही. अकरा जण त्या पत्त्यावर गेले. त्यातला एकही परत आत आला नाही. बायको गेल्यापासून माझ्या आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढंच होतं, आणि मी ते मनातल्या मनात भरपूर मिरवलं.

३

बारावा होता शिंपी. साठी उलटलेली, चार वर्षांची शिक्षा. खुणा दोन: उजव्या अंगठ्याचं नख मधोमध फाटलेलं, डाव्या खांद्याखाली वीतभर लांबीचा व्रण. त्याचे हात सतत थरथरत होते. आधी एकदा, दुसऱ्या एका तुरुंगात, त्याने क वर्गात दोन वर्षं काढली होती.

"सुई धरली की थांबतात बघा," तो म्हणाला.

जमादाराच्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं. माझ्या खणातली सुई शिंप्याला दिली. जमादाराने थोडी कुरकुर केली, पण शर्ट पुढे केला. शिंप्याचे हात एकदम शांत झाले. चार टाके घालून त्याने दोरा दाताने तोडला, सुई परत दिली आणि हात पुन्हा सुरू झाले.

"साहेब, क मध्ये टाकलंत तर या वेळी मी काही बाहेर येत नाही," तो म्हणाला. धमकी म्हणून नाही. उद्या कपडे वाळणार नाहीत, असं सांगावं तसं.

घरात घेणारं कुणी नव्हतंच. मी हात न अडखळता मोठी बहीण लिहून टाकली आणि तिच्याबद्दल त्याच्या कानात सांगितलं.

पण त्याच महिन्यात भेट अधिकाऱ्याची जागा भरली होती. हसतमुख बाई, सगळे तिला ताई म्हणू लागले. तिने टेबलावरचा फायलींचा गठ्ठा उचलला तेव्हा मी म्हटलं, "ताई, ती शिंप्याची राहू दे. ती मी बघतो."

"नको सर, माझंच काम आहे ते. तुम्ही खूप वर्षं ओढलंत."

रात्रभर उत्तरं जुळवत बसलो. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती आली, गटागटा पाणी प्यायली आणि म्हणाली, "झाली हो भेट. तयार आहेत त्या."

"कोण?"

"शिंप्याची बहीण. घर सापडायला जरा वेळ लागला, अगदी टोकाला आहे."

अहवालावर सहीच्या जागी जांभळ्या शाईचा अंगठा होता. मी तो उजेडात धरून बघितला. ठशात रेषा नव्हत्या. गुळगुळीत, गोल डाग.

मला मोठ्याने हसू आलं. म्हणजे बाई आमच्यातलीच! कुठेतरी सावलीत बसून माझाच कागद उतरवला आणि कापडाचा बोळा शाईत बुडवून ठसा उठवला. टिकणार ही इथे, असं मी मनात म्हटलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

ताई दारापर्यंत गेली आणि वळली. "सर, तुम्ही त्यांना कृत्रिम पाय वगैरे बसवून दिला होता का?"

"मी? नाही. का?"

"त्या म्हणाल्या, हा पाय तुमच्या गुरुजींनी दिलाय. गुरुजींचा नाइलाज होता म्हणाल्या. मला काही कळलं नाही, मग मी पण हसले."

पाय का अधू केला ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. मी विचारलं, "दिसायला कशा आहेत?"

"दिसायला?" ताई विचारात पडली. "चारचौघींसारख्याच असतील."

"असतील म्हणजे?"

"आता तुम्ही विचारल्यावर आठवेना बघा," ती ओशाळून म्हणाली. "पाय आठवतो. चेहरा काही डोळ्यासमोर येत नाही."

४

मी अकरा फायली काढल्या. भरदिवसा, दार उघडं ठेवून, कारण बंद खोलीत त्या बघायची मला इच्छा नव्हती.

अ वर्गातल्या माणसाने दर महिन्याला हजेरी द्यायची असते. ती घ्यायला भेट अधिकारीच नव्हता, त्यामुळे हजेरीचे रकाने कोरे होते. त्यात नवल नव्हतं. पण पत्र नाही, कुणाची तक्रार नाही, दवाखान्याची चिठ्ठी नाही, शिक्षा पूर्ण झाल्याचा दाखला न्यायला कुणी आलेलं नाही. तो दाखला न्यायला माणूस तापाने फणफणला तरी येतो, त्याशिवाय काम मिळत नाही. अकराच्या अकरा दाखले फायलीतच होते. मी त्यांच्याकडे इतकी वर्षं यश म्हणून बघत होतो.

जमादाराला हाक मारली. एकदा बघितलेला माणूस तो विसरत नाही.

"आपले सुटलेले लोक तुला भेटतात का रे बाहेर?"

"रोज एक तरी भेटतो. परवा दवाखान्यात दोघं भेटले. एकाने तर चहा पाजला, मी नको नको म्हणत असताना."

"तो आचारी कधी भेटला? मानेवर डाग होता तो."

जमादार डोकं खाजवू लागला. "नाही बुवा."

"कानामागे तीळ होता तो ड्रायव्हर? करंगळी तुटलेला तो सुतार?"

मी एकेक सांगत गेलो आणि तो मान हलवत गेला. अकरावा सांगून झाल्यावर त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. "गुरुजी, एवढ्याशा गावात अकरा माणसं मला चुकवून कशी राहतील?"

"गेले असतील दुसरीकडे कामधंद्याला," मी म्हटलं.

"सगळेच?" त्याने विचारलं.

५

समिती सोमवारी होती. रविवारी दुपारी चार वाजता मी सूतगिरणीमागे गेलो. मी भित्रा असलो तरी अडाणी नाही. वाटेत मी सगळ्या शक्यता मांडल्या. नंतर कुणी घर बांधलं असेल. त्यात कुणी शिवणकाम करणारी राहत असेल. जगात लंगडणाऱ्या बायका कमी नाहीत. आणि ताई थापाडी असेल, ही तर सगळ्यात सोयीची शक्यता.

वीस नंबरच्या ओट्यावर मिरच्या वाळत होत्या. एकविसात कुणीतरी क्रिकेटचं समालोचन मोठ्याने लावलं होतं. बाविसाला कुलूप होतं. पुढे गिरणीची भिंत, आणि भिंतीला लागून तेवीस. दार लोटलेलं होतं. आतून शिवणयंत्राचा आवाज येत होता, अगदी एका लयीत, दोरा संपतोय, कापड फिरवायचंय असं कधी मध्ये न थांबणारा.

मी दार वाजवलं नाही. बोटाने थोडं ढकललं.

दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चूल नव्हती, पाण्याचं भांडं नव्हतं, खुंटी नव्हती, दिवा नव्हता. कसला वासही नव्हता. मी लिहिलं होतं तेवढं होतं आणि नव्हतं ते नव्हतं. आतल्या खोलीच्या खिडकीतून जमिनीवर ऊन पडलं होतं. सकाळचं, कोवळं ऊन. मी माझं घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. समोरच्या काचेवरून उजेड परतत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण खिडकीपलीकडे गिरणीची भिंत होती, काच कुठली असणार?

उन्हात एक माणूस दाराकडे पाठ करून बसला होता. उघडाच होता, त्याच्यासाठी शर्ट शिवला जात असावा. त्याच्या मानेवर भाजल्याचा डाग होता. आचारी! मला इतकं हायसं वाटलं की मी हाक मारणार होतो.

मग त्याच्या डाव्या कानामागचा तीळ दिसला. तो ड्रायव्हरचा. मांडीवर टेकलेल्या हाताला करंगळी नव्हती. कोपरावरचा टाक्यांचा चौकोन हमालाचा. कमरेवरचा कुत्रा चावल्याचा व्रण कुणाचा तेही मला ठाऊक होतं. एकेक खूण आपापल्या जागी, जशी मी लिहिली होती तशी, आणि सगळ्या एकाच अंगावर. खोली एका माणसाला पुरेशी होती. श्वास मात्र एका माणसाचा नव्हता. एक पुरता सुटायच्या आत दुसरा सुरू व्हायचा, मग तिसरा, आणि पाठ सारखी हलत राहायची.

डाव्या खांद्याखाली तेवढी कातडी कोरी होती. शिंप्याचा व्रण तिथेच आहे.

शिवणयंत्र थांबलं. कोपऱ्यातली बाई उठली आणि उजवा पाय ओढत माझ्याकडे वळू लागली. पाय मला स्वच्छ दिसला. पायाच्या वर बघायचा मी प्रयत्न केला आणि माझी नजर घसरून पुन्हा पायावर आली. अर्जात चेहऱ्याचा रकाना नसतो.

मी पळालो. वय, गुडघे, इभ्रत, काही आड आलं नाही.

६

सोमवारी सकाळी आठ वाजता मी शिंप्याला खोलीत बोलावलं आणि जमादाराला बाहेर बसवलं. जे बघितलं ते सगळं सांगितलं. खुणा सांगितल्या, श्वास सांगितला. तो हात मांडीखाली दाबून ऐकत होता.

"त्याला त्रास होत होता का?" त्याने विचारलं.

"माहीत नाही. ओरडत वगैरे नव्हता."

"म्हणजे एकटं तिथे कुणी नाही."

"अहो, मी काय सांगतोय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय की. तुम्ही म्हणाला होतात ती कागदावरची आहे. पण ताई तर भेटून आल्या. ती हो म्हणाली." तो जरा थांबला. "मला आजवर कुणी हो म्हटलं नव्हतं, साहेब."

मी खणातून नवा, भरून ठेवलेला अर्ज काढला. रात्रभर विचार करून ठरवलं होतं. नोकरीतल्या माणसाला कैदी घरी नेता येत नाही, म्हणून राजीनामा लिहून आणला होता. गेली अकरा वर्षं मी काय केलं तेही त्यात लिहिलं होतं. हातातली नोकरी जाणार होती, नाव जाणार होतं, आणि त्याचं मला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. पण त्या कोऱ्या कातडीपेक्षा ते बरं होतं.

"माझ्या घरी चला," मी म्हटलं. "मी एकटाच असतो. दोन खोल्या आहेत. बायकोचं शिवणयंत्र तसंच पडून आहे. समितीसमोर मी सगळं खरं सांगतो आणि घरात घेणारं म्हणून माझं नाव घालतो. ते मानतील. त्यांनाही कुणाला क मध्ये टाकायची हौस नाही."

शिंप्याने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते. "तुम्ही खरंच न्याल?"

"खरंच."

"दोन्ही अर्ज वाचून दाखवता का? मला बारीक अक्षर दिसत नाही आता."

मी माझा अर्ज आधी वाचला. नाव, पत्ता, खोल्या. शेवटचा चौतिसावा प्रश्न, किती काळ सांभाळणार? तिथे मी लिहिलं होतं, शिक्षा संपेपर्यंत, चार वर्षं. नियमात तेवढंच लागतं. मग त्याचा जुना अर्ज वाचला. चौतिसाव्याशी आलो आणि थांबलो. पहिल्या दिवशी, आचाऱ्याच्या वेळी, मी भरात येऊन एक शब्द लिहिला होता. समितीवर छाप पडावी म्हणून. पुढे प्रत्येक वेळी तोच उतरवत गेलो.

"काय लिहिलंय?" शिंप्याने विचारलं.

"कायमचं."

खिडकीबाहेर आतल्या लोकांची मोजणी चालली होती.

"तुम्हीही तसं लिहा ना," तो शेवटी म्हणाला.

मी पेन उघडलं. माझं वय, त्याचं वय, माझी सकाळची सवय, कुणी घरात वावरलेलं मला आता चालत नाही, हे सगळं डोक्यात आलं. क्षणभरच थांबलो असेन. लिहिलंही असतं. पण तो क्षण त्याने बघितला.

"राहू द्या, साहेब," तो म्हणाला, आणि मलाच धीर द्यावा तसा हसला. "तुम्ही चांगले आहात. पण चार वर्षांनी मी पुन्हा कुणापुढे जाऊन बसू? पुन्हा तोच प्रश्न? जातो मी तिकडेच."

"मी तो अर्ज फाडू शकतो."

"फाडा. मग क. मग मी काय करीन ते तुम्हाला सांगून झालंय."

अकरा वाजता समिती बसली. समितीवरच्या मोठ्या साहेबांनी अर्ज वाचला, भेट झाल्याचा अहवाल बघितला, अंगठ्यावरून नजर फिरवली. "तुमचे हे बहीणवाले लोक कधी परत येत नाहीत, गुरुजी," ते कौतुकाने म्हणाले आणि अ वर गोल केला. माझा राजीनामा खिशात होता. तो मी काढला नाही. काढला असता तर अर्ज रद्द झाला असता आणि शिंपी क मध्ये गेला असता. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

मंगळवारी सकाळी मी फाटकापर्यंत त्याच्याबरोबर गेलो. त्याने केस ओले करून बोटांनी मागे वळवले होते आणि इस्त्री केल्यासारखा दिसावा म्हणून शर्ट घडी करून रात्रभर उशीखाली दाबला होता. जमादाराने फाटकातली छोटी दिंडी उघडली.

"अजून वेळ आहे," मी म्हटलं. "लिहितो मी कायमचं. आत्ता लिहितो."

"येतो, गुरुजी," तो म्हणाला. त्याने कधी मला गुरुजी म्हटलं नव्हतं. हात जोडले. ते थरथरत नव्हते, आणि त्यांत सुई नव्हती.

कोपऱ्यापर्यंत तो नीट चालत गेला. मग त्याला धीर निघेना. एवढा म्हातारा माणूस, बोचकं छातीशी धरून, पळत सुटला. त्याला पळताना बघून मला भीती वाटायला हवी होती. मला त्याचा हेवा वाटला.

"आत चला, गुरुजी," जमादार म्हणाला. "दाखल खोलीत तिघं नवे बसलेत."

मी स्वतःच्या हाताने दिंडी लावली आणि आत गेलो.